शोभाचा निळा पंप

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखीच्या माणसांपुढे हे बोलायला मी बऱ्याचदा तोंड उघडलंय — आणि दर वेळी भलतंच काहीतरी बोलून बसलेय. नवऱ्याला सांगायला गेले आणि सिलिंडर संपत आलाय असं म्हणाले. बहिणीला फोन लावला आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा वाटलं, हिला सांगावं, ही आता कुणाला सांगायची नाही — पण तिचीही उशी नीट करून उठले. म्हणजे आजवर हे माझ्याखेरीज कुणाच्याच कानावर गेलेलं नाही.

रडत-बिडत सांगणार नाही. रडू येतच नाही. एरवी मी भरपूर रडते हं — सिनेमा बघताना, ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असला तर हमखास. या बाबतीत मात्र दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं आत झालंय. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही. तेव्हा तुम्हाला हे जरा कोरडं वाटलं तर तो माझा संयम वगैरे समजू नका.

मी चाकणच्या एका औषध कंपनीत आहे. कंपनी परदेशी, मोठी. नाव सांगत नाही, कारण जे झालं ते कंपनीने केलेलं नाही. मी औषधं बनवत नाही. कंपनी आजूबाजूच्या गावांसाठी जी समाजसेवा करते — शाळांना बाक, वाड्यांना पाण्याच्या टाक्या, झाडं लावणं, फिरता दवाखाना — ते खातं मी बघते. ऑफिसात त्याला सीएसआर म्हणतात. गावात मला 'दवाखान्याच्या गाडीवाल्या मॅडम' म्हणतात. सकाळी कंपनीची बस मला पिंपरीत, संत तुकाराम नगरातून उचलते, संध्याकाळी परत आणून सोडते. मधल्या वेळात मी पुण्य करते. हे आमच्या साहेबांचं वाक्य. "तुमचं बरं आहे मॅडम, पगारही मिळतो आणि पुण्यही."

आणि मला ते पटलेलं होतं. मी काही वाईट हेतूची बाई नव्हते, मला खरंच लोकांचं — छे. हे असं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. सोडा.

शोभाबद्दल सांगते.

महाळुंग्याच्या बाजूला, कारखान्यांच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या एका खोलीत शोभा राहायची. मूळची बीडकडची. नवरा दत्ता गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रेस मशीनवर, कंत्राटी कामगार. एकच मुलगी, कोमल, तेव्हा पहिलीत. शोभाला दमा होता. ट्रकांनी उडवलेली धूळ, खोल्यांच्या मागे भंगारवाले फोम जाळायचे त्याचा धूर — दमेकऱ्याने पाऊल ठेवू नये अशी जागा. पण कामं तिथंच होती, म्हणून माणसंही तिथंच.

दर आठवड्याला आमचा फिरता दवाखाना त्या खोल्यांपाशी उभा राहायचा. तिथून तिला आमच्याच कंपनीचे दम्याचे पंप फुकट मिळायचे. एक रोजचा, आणि दुसरा निळा — अचानक दम लागला की लगेच ओढायचा. निळा पंप एका वेळी एकच. जुना रिकामा दाखवला की नवा. लोक औषधं बाहेर विकतात अशी कुणीतरी कुजबुज केली होती, म्हणून हा नियम केला होता. कुणी? मीच. कडक नियमांचा मला भारी अभिमान. त्यामुळे शोभाच्या घरात निळा पंप कधीही एकच असायचा, आणि तो खिडकीत, देवीच्या तसबिरीशेजारी ठेवलेला असायचा.

कोमलला त्या पंपाचं फार वेड. आई धुण्याला गेली की खिडकीतून काढायचा, बाहुलीच्या तोंडाला लावायचा आणि म्हणायचं, "वढ, वढ, घाबरू नको." शोभा पाठीत एक धपाटा घालून पंप जागेवर ठेवायची आणि मग हसायची. एकदा हे चालू असताना मी दारातच होते. मला इतकं गोड वाटलं की मोबाईलवर फोटो काढला. बाहुली, भातुकलीची वेताची टोपली, टोपलीतली इवलीशी पातेली, आणि कोमलच्या हातात निळा पंप. कंपनीच्या अंकात तो फोटो मोठा छापून आला. सगळ्या खोल्यांमध्ये मी तो वाटला.

हा फोटो लक्षात ठेवा. मला तर तो विसरताच आलेला नाही.

त्या वर्षी परदेशातल्या मुख्य ऑफिसचे पाहुणे येणार होते. आमच्या कामाची फिल्म त्यांना दाखवायची होती, म्हणून मी एक फोटोग्राफर घेऊन शोभाकडे गेले. ती बिचारी नवी साडी नेसून, गजरा माळून बसलेली. चहा केला, पोह्यांवर ओलं खोबरं घातलं, फोटोग्राफरला म्हणाली, "दादा, मव्हा फोटू जाड येऊ दिऊ नका बरं का." तिकडून निघताना फोटोग्राफर मला म्हणाला, "मॅडम, या तर ठणठणीत आहेत. नुसतं 'नंतर' घेऊन काय करू? 'आधी' कुठंय?"

आमच्या धंद्यात हा शब्द असतो. 'आधी' आणि 'नंतर'. आधी ओसाड माळ, नंतर झाडं. आधी पोरं जमिनीवर, नंतर बाकांवर. एकदा तर शाळेत आलेले बाक आम्ही परत बाहेर काढून ठेवले होते, पोरांना जमिनीवर बसवलं, फोटो काढला, आणि मग बाक पुन्हा आत घेतले. पोरांना तो खेळच वाटला. मुख्याध्यापक स्वतः बाक उचलू लागले. कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही.

म्हणून मला जे सुचलं त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही.

हे मला कुणी सुचवलेलं नव्हतं. साहेबांनी नाही, फोटोग्राफरने नाही. नुसती फिल्म दाखवण्याऐवजी पाहुण्यांना शोभाच्या खोलीवरच न्यायचं, कॅमेरा सोबत ठेवायचा. पाहुणे खोलीत येतील, शोभाला जरासा दम लागलेला असेल, आमचा डॉक्टर तिला पंप देईल, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत तिचा श्वास मोकळा होईल. डॉक्टर शेजारी उभा असणार, मग भीती कसली? हे सगळं मी बसमध्ये, नाशिक फाट्याच्या आसपास, खिडकीला डोकं टेकून ठरवलं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी लवकर मी तिच्या खोलीवर गेले. कोमल गोधडीत झोपलेली होती. तिला शाळेला सुट्टी घ्यायला लावली होती, कारण पाहुण्यांना फुलं तीच देणार होती. शोभाने पदर खोचून माळ्यावरचं सामान खाली ओढलेलं — डबे, पोती, जुन्या गाद्या. "गोरे लोक यायलेत म्हणल्यावर घर निर्मळ पायजे का नको?" म्हणाली.

मी तिला सांगितलं. आज सकाळपासून निळा पंप ओढायचा नाही. थोडा दम लागू दे. आम्ही आल्यावर डॉक्टर देतील.

ती हसायला लागली. म्हणाली, "एवढंच व्हय मॅडम? मी धापा टाकून दावते की. रोजचं पाठ हाय मला." आणि तिने खरंच करून दाखवलं — खांदे वर, तोंड उघडं, डोळे मोठे. हुबेहूब. मग पुन्हा हसली.

तिथंच सगळं थांबू शकलं असतं. कळतंय ना तुम्हाला? तिने मला सुटकेची वाट स्वतःहून काढून दिली होती. आणि मी काय म्हणाले? "नको शोभा. खोटं कॅमेऱ्यात लगेच कळतं."

मग मी हात पुढे केला. "पंप माझ्याकडेच दे. नाहीतर सवयीने ओढशील."

ती जरा थांबली. खिडकीकडे बघितलं. "अन् लई दम लागला तर?"

"आम्ही येतोच आहोत गं लगेच."

तिने दिला. का नाही देणार? दर आठवड्याला पंप देणारी मीच. जिच्या हातून मिळतो तिने परत मागितला तर नाही म्हणायला जीभ उचलते कुणाची? पण हे मला आता सुचतंय. त्या वेळी मी पंप पर्समध्ये टाकला, ओवाळण्याच्या कुंकवाच्या डबीशेजारी, आणि गाडीत जाऊन बसले.

पुढचं भराभर सांगते.

पाहुण्यांना फेटे बांधले. फेटा डोळ्यांवर येत होता तरी ते हसत होते. कारखाना बघता बघता त्यांना फार उशीर झाला. आमचा फिरता दवाखाना त्या दिवशी खोल्यांपाशी नव्हता, तो कंपनीच्या गेटवर झेंडूच्या माळा घालून उभा केला होता, कारण पाहुण्यांच्या हस्ते त्याची फीत कापायची होती. डॉक्टरही तिथंच, इस्त्रीचा कोट घालून. मग आम्ही निघालो, आणि तळेगाव चौकात अडकलो. चाकणची कोंडी ज्याने बघितलीय त्याला मी काय सांगू. कंटेनरच्या मागे कंटेनर, मध्ये सहा आसनी रिक्षा, कुणी पुढे जाईना की मागे. पाहुण्या बाईंनी मला विचारलं, आपण जिच्याकडे चाललोय तिचं नाव काय. मी सांगितलं. त्या गाडीत बसून नाव पाठ करत होत्या — शोबा, शोबा. मी त्यांना 'भा' म्हणायला शिकवत होते.

फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवला होता. पर्स उघडली तेव्हा तो लकाकत होता. अनोळखी नंबर. मंडपवाला असेल, खुर्च्यांचं विचारत असेल, असं वाटलं. मी उचलला नाही. फोनच्या शेजारीच पंप होता.

तो फोन वत्सलाबाईंचा होता. वत्सलाबाई म्हणजे त्या खोल्यांच्या मालकीणबाई, तिथल्याच जुन्या गावकरी. त्यांनी मला नंतर सगळं सांगितलं. शोभाने माळा झाडला, गाद्या उन्हात नेऊन बडवल्या. त्यात मागे कुणीतरी फोम पेटवला. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. आधी शेजारणींना वाटलं, ही नाटक करतेय — कारण सकाळी तिने सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं, आज मला गोऱ्या लोकांपुढे धापा टाकायच्यात. पंप मॅडमनी नेलाय, हे मात्र ती कुणाला बोलली नव्हती. माझी अब्रू राखली म्हणायची. मग ओठ निळे पडायला लागले आणि सगळ्या धावल्या. खिडकीत पंप नाही. तिला बोलता येत नव्हतं. ती हाताने दाराकडे दाखवत होती. वत्सलाबाई म्हणाल्या, "हवा पायजे आसंल म्हनून आमी तिला दारात नेली."

ती हवा मागत नव्हती. पंप दारातून गेला, असं सांगत होती. हे जगात फक्त मला कळलं.

तिला टेम्पोत घातलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. रस्ता तोच, कोंडी तीच. तो टेम्पो आमच्या गाडीच्या किती पुढे होता की मागे, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

मला कोंडीतच कळलं, दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने फोन केला तेव्हा. मी पाहुण्यांना म्हणाले, कार्यक्रमात थोडा बदल झालाय. त्यांना शाळेतले बाक दाखवले. पोरांनी स्वागतगीत म्हटलं. मग जेवण. पुरणपोळी होती. मी दोन खाल्ल्या, तूप घालून. मला अगदी स्पष्ट आठवतंय, कारण तेव्हाही मी वाट बघत होते की आता घास घशाखाली उतरायचा थांबेल. तो उतरत राहिला.

आता ते सांगते, ज्यासाठी एवढं सांगितलं. तुम्हाला वाटत असेल, सांगून झालं की. पंप नेला, बाई गेली, आणि ही गप्प बसली. नाही. तेवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी नवऱ्याला सांगितलंही असतं. अजाणता झालं, असं म्हणता आलं असतं.

उन्हं कलल्यावर मी खोलीवर गेले. दत्ता सरकारी दवाखान्यात होता. खोलीत चार-पाच बायका, आणि कोपऱ्यात कोमल, दोन वेण्या, लाल रिबिनी, फुलं द्यायला घातलेला झालरीचा फ्रॉक. बायका पंप शोधत होत्या. दत्ताने दवाखान्यातून फोनवर एकच विचारलं होतं, पंप कुठं गेला? गादी उलटली, डबे हलवले, तांदळात हात घातले. मला बघून वत्सलाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी तरी बगा वो, कुटं गेला आसंल त्यो."

आणि मी शोधायला लागले. पर्स खांद्याला, पंप पर्समध्ये, आणि मी कॉटखाली वाकून बघतेय. ऐकताय ना?

पंप मला परत ठेवायचा होता, बस. त्यांच्या घरातली वस्तू त्यांच्या घरात. खिडकीत ठेवता येत नव्हता, तिथं सगळ्यांनी दहादा बघितलं होतं. माळ्यावर माझा हात पोचत नव्हता. भांड्यांची मांडणी उचकून झाली होती. आणि समोर ती वेताची टोपली होती. बायका पाठमोऱ्या होत्या. हात जिथं पोचला तिथं मी तो ठेवला —

असं मी स्वतःला सांगत आले. इतकी वर्षं.

खोटं आहे. मी बघून ठेवला. टोपली कोणाची ते मला माहीत होतं. तिथं सापडला तर सगळे काय समजतील तेही माहीत होतं, आणि सगळ्यांना ते पटेल हेही — कारण फोटो मीच काढला होता, मीच वाटला होता, तो त्याच खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मी इवलंसं पातेलं बाजूला केलं, पंप खाली सारला आणि वर पातेलं ठेवलं. घाईत ठेवणारं माणूस वर पातेलं ठेवतं का?

थोड्या वेळाने वत्सलाबाईंनाच तो सापडला. "आगं बया! ह्यो काय हितं! पोरीच्या भातुकलीत!"

सगळ्या कोमलकडे वळल्या.

ती म्हणाली, "म्या न्हाई घेतला."

कुणीतरी म्हणालं, रोज तर घेतेस.

ती पुन्हा म्हणाली, "म्या न्हाई घेतला." मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदा काही बोलली नाही.

दत्ता आल्यावर कुणीतरी त्याच्या हातात पंप दिला. तो ओरडला असता, तिला दोन फटके मारले असते, तर बरं झालं असतं असं मला वाटतं. त्याने पंप हलवून बघितला, औषध आहे का म्हणून. होतं. मग पोरीकडे बघून एवढंच म्हणाला, "कामून गं, कोमे?"

वड्याचं तेल वांग्यावर काढतात असं आपण सहज म्हणतो. मी ते एका सहा-सात वर्षांच्या पोरीवर काढलं, आणि त्याहून वाईट पुढे केलं. मी तिला जवळ घेतलं. सगळ्यांदेखत मांडीवर बसवलं आणि म्हणाले, "तिला बोलू नका. लेकराला काय कळतंय?" — माझ्या गुन्ह्याची तिला माफी मीच देऊन टाकली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मॅडम किती मायेच्या आहेत, असं बाहेर कुणीतरी म्हणालं तेही मला ऐकू आलं. करून सवरून नामानिराळी राहणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती. त्या दिवशी आपण कुठल्या रांगेत आहोत ते कळलं, आणि कळूनही मी त्याच मांडीवर तिला थोपटत राहिले.

नंतर आम्ही एक पत्रक काढलं. 'औषधं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका.' मजकूर माझा. अजून दवाखान्याच्या गाडीवर मागे रंगवलेलं आहे. कोमलच्या शिक्षणाचा खर्च कंपनीने उचलावा हेही मीच साहेबांच्या गळी उतरवलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. दत्ताने पुढे दुसरं लग्न केलं. वाईट बाप नव्हता तो. पोरीला कपडे, दप्तर, सगळं वेळेवर. पण त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी त्यानंतर पाहिला नाही, आणि मी नीट लक्ष ठेवून बघत होते. ती वसतिगृहातच वाढली.

आता ती नर्सिंग शिकतेय. या वर्षी कंपनीने, जिचं जिचं शिक्षण केलं त्या मुलींचा सत्कार ठेवला होता. कोमल बोलायला उभी राहिली. उंच झालीय, आईसारखी. भाषाही आता पुण्याची झालीय. तिने सांगितलं की ती नर्सिंगकडे का वळली. म्हणाली, "लहानपणी मी आईचा पंप खेळायला घेतला आणि परत ठेवायला विसरले. त्या दिवशी बाहुलीला पिवळा फ्रॉक घातला होता. मी तिला पंप ओढायला लावला, मग पातेल्याखाली लपवला, म्हणजे आई रागावणार नाही. मला सगळं जसंच्या तसं आठवतं."

पातेल्याखाली.

सगळं सभागृह डोळे पुसत होतं. माझ्या शेजारचे साहेबसुद्धा. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मग नाव पुकारलं तशी स्टेजवर गेले आणि तिला शाल पांघरली, कारण आमच्याकडे शाल मीच पांघरते.

चहाच्या वेळी ती कप घेऊन माझ्यापाशी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? तुम्ही त्या दिवशी घरात होतात ना? मला सगळं आठवतं, पण कधीकधी रात्री वाटतं, हे मला आठवतंय की सगळ्यांनी सांगून सांगून... म्हणजे... मी खरंच घेतला होता का हो तो पंप?"

इतक्या वर्षांत कुणी मला सरळ प्रश्न विचारला नव्हता. एका शब्दाचं उत्तर होतं. चहाच्या टेबलापाशी आम्ही दोघीच होतो. तिचे डोळे अगदी शोभाचे, मोठे. शोभाने पंप द्यायच्या आधी खिडकीकडे बघितलं होतं ते मला आठवलं.

मी म्हणाले, "लहान होतीस गं तू."

तिने मान हलवली. "हो ना," म्हणाली. मग कप खाली ठेवला, वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सुखी राहा म्हणाले.

तिचं होस्टेल इथंच आहे, संत तुकाराम नगरात, मी भाजीला जाते त्याच वाटेवर. परवा ती मला मंडईपाशी भेटली. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "द्या इकडे मॅडम," म्हणाली, आणि जड पिशवी घेऊन माझ्या जिन्यापर्यंत आली. मेथी छान मिळाली का, वगैरे बोलत होती. वाटेत चढाला तिला जरासा दम लागला. हसून म्हणाली, आईचंच आलंय माझ्यात, आता मीपण पंप जवळ ठेवते. ओढणीखालून काढून दाखवला. निळाच होता.

मी बरं म्हणाले. तिच्या हातातली पिशवी मी घेतली नाही. तिने ती दारापर्यंत आणून दिली.